काटा उठेना

गॅरेजात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा रोगाचं नाव ठरवूनच येतं. ‘क्लचप्लेट गेलीय’, ‘नोझल बघून घ्या’, ‘ऑइल पंप बदला’. यातलं शेवटचं ऐकलं की मी आधी चहा सांगतो, कारण पुढचं बोलणं लांबणार असतं. ऑइलचा दाब पडला म्हणजे पंप गेला, हा हिशेब गाडीवाल्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. त्यांनाच कशाला नावं ठेवा, पुष्कळ मिस्त्रींच्या डोक्यातही तो तसाच आहे. या एका समजुतीपायी चांगले चालते पंप भंगारात गेलेले मी पाहिलेत.

पंपाचं काम चेंबरमधलं तेल उचलून पुढे ढकलण्याचं. ते तेल क्रँकच्या, कॅमच्या, रॉकरच्या बारीक फटींतून बाहेर पडताना अडतं आणि त्या अडण्यातून दाब तयार होतो. अडलंच नाही, तर पंप कितीही जोरात ढकलू दे, काटा उठायचा नाही. पंचगंगेच्या काठावरून शेताला पाणी नेणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मोटर तीच, पाइपलाइन तीच, पण मध्ये चार ठिकाणी सांधे गळायला लागले की शेवटच्या वावरात पाइपाचं तोंड नुसतं ओलं होतं. तिथे कोणी आधी मोटर बदलत नाही. लाइनभर चालत जाऊन गळती शोधतात.

इंजिनातली लाइन अशी: पंपातून तेल फिल्टरला, तिथून ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीत. गॅलरीतून मेन बेरिंगांना, आणि क्रँकच्या आत पाडलेल्या भोकांतून बिग एंडला. मेन बेरिंगकडून एक वाट कॅमशाफ्टच्या बुशांना जाते, आणि कॅमच्या बुशाकडून वर हेडमध्ये रॉकर शाफ्टला. प्रत्येक ठिकाणी शाफ्ट आणि बेरिंग यांच्यात थाऊ-दोन थाऊची फट ठेवलेली असते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ही फट झिजून दुप्पट झाली, तर तिच्यातून जाणारं तेल दुप्पट होत नाही, आठपट होतं. फटीच्या मापाच्या घनाच्या प्रमाणात गळती वाढते. म्हणूनच जुनं इंजिन वर्षानुवर्षं बरं चालतं आणि मग एका उन्हाळ्यात एकदम काटा टाकतं. झीज हळूच चाललेली असते, दाब मात्र शेवटी धाडकन पडतो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचं शेड उद्यमनगरात होतं. ज्या गावाने म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारखे यंत्रवाले पाहिले, त्या गावात पोरगं आधी ऑइल इंजिनावर शिकतं आणि मग मोटारीकडे वळतं. गुऱ्हाळावरच्या त्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाला ऑइलचं मीटरच नसायचं. मिनिटाला साडेसहाशे फेरे, आणि कनेक्टिंग रॉडच्या तळाशी बोटभर दांडी. ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते. दाब नावाची भानगडच नाही. त्यामुळे वस्ताद सगळं कानाने आणि हाताने बघायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाच्या हाडाला. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांनी आम्हाला आवाज वेगळे काढायला शिकवले. बिग एंड सैल झालं की रेस सोडताना टकटक येते. मेन बेरिंग सैल झालं की चढाला, लोडवर, पोटातून ठोका येतो. मीटर असो वा नसो, आधी ऐकायचं. दिव्याची वायर सुटते, मीटर बिघडतं, पण लोखंड वाजायचं थांबत नाही.

आता ज्या गाडीवर मला हा विषय सगळ्यात नीट उलगडून बघता आला, तिच्याकडे येतो. गाडी ॲम्बॅसिडर, मार्क फोर, पेट्रोल. एके काळी एका साखर कारखान्याच्या ताफ्यात होती. आमच्या जिल्ह्यात पांढरी ॲम्बॅसिडर आणि कारखान्याचा चेअरमन ही जोडी कित्येक वर्षं अतूट होती. गाडी आवारात शिरली की काट्यावरची माणसं उभी राहायची. पुढे चेअरमन बदलले, गाड्या बदलल्या, आणि ही एका निवृत्त शिक्षकांकडे आली. कागलकडचे सर, माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे.

इंजिन मूळचं इंग्लंडच्या बीएमसीचं, 1489 सीसी. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बॅसिडर बनवली ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस, आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये थांबेपर्यंत गाडीचा सांगाडा फारसा बदलला नाही. या इंजिनाला मेन बेरिंगं तीनच. कॅमशाफ्टही तीन बुशांवर फिरतो. तब्येत चांगली असेल तर गरम इंजिनावर, रस्त्याला लागल्यावर साडेतीन किलोच्या आसपास दाब, आणि न्यूट्रलला गाडी नुसती चालू ठेवली तर एक किलो. किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो. पीएसआयमध्ये 50 आणि 15.

सर आले ते वैतागूनच. ‘मिस्त्री, पंप नवा टाकलाय, बेरिंगं नवी टाकलीत. पावत्या हायत माझ्याकडं. तरी काटा उठंना. आता म्हणतात, इंजिनच काढा आणि डिझेलचं कुठलं तरी बसवा.’

‘कोण म्हणतं?’

‘तुमच्यासारखंच एक मिस्त्री.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी चहा सांगितला.

आधीच्या कुठल्या तरी मालकाने डॅशबोर्डखाली काट्याचं मीटर बसवलं होतं, बारीक तांब्याच्या नळीचं. पहिलं काम त्या मीटरची साक्ष तपासणं. माझ्याकडे एक चांगलं मीटर आहे, ते मी कुठल्याही गाडीला कायम बसवत नाही. ते फक्त तपासणीचं. ते ब्लॉकवरच्या ऑइलच्या तोंडाला लावलं. थंड इंजिन चालू केलं तेव्हा तीन किलो. मग गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला घालून चढावर नेली आणि परत आणली. आता न्यूट्रलला फक्त चाळीस पॉइंट, म्हणजे 0.4 किलो. दोन हजार फेऱ्यांवर 1.4. डॅशबोर्डचं मीटर थोडं कमी दाखवत होतं, पण खोटं बोलत नव्हतं.

हे तीन आकडे कागदावर मांडले की अर्धं निदान तिथेच होतं. थंड असताना तीन किलो येतात, याचा अर्थ पंप तेल उचलतोय आणि चेंबरमधली जाळी मोकळी आहे. पंप हवा ओढत असता तर काटा थरथरला असता. रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर थंडीतही काटा वर आला नसता. दाब पडतोय तो तेल गरम होऊन पातळ झाल्यावर. 20W-40 सारखं तेल चाळीस अंशांवर जितकं जाड असतं, त्याच्या जेमतेम आठव्या-नवव्या हिश्श्याएवढं जाड ते शंभर अंशांवर राहतं. जाड तेल मोठ्या फटीतही अडतं. पातळ झालं की वाट सापडेल तिथून निघून जातं. म्हणजे कुठेतरी फट मोठी आहे. प्रश्न एवढाच की कुठे.

तरी मी थेट इंजिन खोललं नाही. आधी स्वस्तातलं, मग महागातलं, आधी बाहेरचं, मग आतलं, ही रीत मोडायची नाही. डिपस्टिक काढून वास घेतला. या गाड्यांचा पेट्रोल पंप कॅमवर चालतो. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल गुपचूप चेंबरात उतरतं, तेल पातळ होतं आणि पातळी मात्र वाढलेली दिसते. गाडीवाला खूश होतो की गाडी ऑइल खात नाही. इथे तसं नव्हतं. बोटावर घासलं तर तेलाला अंग होतं.

मग ब्लॉकच्या बाजूचा घुमटाचा नट खोलून रिलीफ व्हॉल्व्ह काढला. आत एक स्प्रिंग आणि एक पोकळ प्लंजर. स्प्रिंगमागून दोन वॉशर बाहेर पडले. कंपनीचे नव्हते, कोणीतरी कापून घातलेले होते. त्या दोन वॉशरांनी गाडीचा मागचा इतिहास सांगितला: काटा वर आणायचा प्रयत्न आधीही झाला होता, आणि ज्याने केला त्याला व्हॉल्व्हचं काम माहीत नव्हतं. रिलीफ व्हॉल्व्ह दाब ठरावीक मापापुढे गेला तरच उघडतो. गरम इंजिनावर अर्धा किलोही दाब नसताना तो बंदच असतो. बंद दाराला आणखी एक कडी घालून काय होणार? उलट थंडीत सकाळी गाडी चालू करताना दाब नको इतका चढतो आणि फिल्टरच्या सीलवर, पंपाच्या ड्राइव्हवर ताण येतो.

रॉकर कव्हर काढून इंजिन चालू केलं तर रॉकरांभोवती तेलाचा पूर आलेला. तिथे तेल झिरपायला हवं, वाहायला नको. शाफ्ट काढून खालच्या अंगावरून नख फिरवलं. प्रत्येक रॉकरच्या जागी नख अडत होतं. रॉकर शाफ्टला सगळा भार खालून लागतो, म्हणून झीज नेहमी तळाला असते आणि वरून बघणाऱ्याला शाफ्ट चकचकीत दिसतो. एक गळती सापडली. पण एवढ्याने चाळीस पॉइंटपर्यंत काटा पडत नाही.

मग चेंबर उतरवलं. बिग एंडच्या टोप्या काढून बेरिंगं पाहिली. सरांच्या पावत्या खऱ्या होत्या. बेरिंगं नवी होती, माप बरोबर होतं, फट दोन थाऊच्या आत. आधीच्या मिस्त्रीने जे केलं ते नीट केलं होतं. फक्त लाइनभर चालत गेला नव्हता.

इथून पुढचं काम मला फार आवडतं. माझ्याकडे औषध फवारायची एक जुनी पितळी टाकी आहे, हातपंपाची. तिच्या नळीला इंजिनच्या गॅलरीत बसणारं तोंड आणि एक मीटर जोडून घेतलंय. पंप उतरवून त्याची वाट पत्र्याने आणि गॅसकेटने बंद केली. टाकीत कोमट ऑइल भरलं, दीड किलो हवा मारली आणि कॉक सोडला. मग गाडीखाली आडवं पडून, दिवा लावून, वर बघत राहायचं. खाली परात.

पहिल्यांदा काहीच होत नाही. तेल गॅलरीत भरत असतं. मग एकेका बेरिंगच्या कडेला थेंब जमतो, लोंबतो, पडतो. जुना ठोकताळा असा की निरोगी बेरिंगमधून मिनिटाला वीसपासून दीडशेपर्यंत थेंब पडावेत. त्याहून कमी तर बेरिंग आवळलंय किंवा वाट तुंबलीय. त्याहून जास्त तर सैल. मध्ये मध्ये क्रँक थोडा फिरवावा लागतो, कारण क्रँकचं भोक आणि बेरिंगची वाट समोरासमोर आली की चांगल्या बेरिंगमधूनही तेल जोरात येतं आणि माणूस फसतो. पुढचं मेन, मधलं मेन, मागचं मेन: थेंब मोजता येत होते. चारही बिग एंड: मोजता येत होते. आणि क्रँकच्या पलीकडे, वरच्या अंगाला, कॅमच्या मधल्या बुशातून सरळ धार लागली होती. माझ्या हाताखालचा पोरगा खाली वाकून म्हणाला, ‘हितनं तर नळ सोडल्यागत यायलंय.’

सरांनाही बोलावून दाखवलं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना वाकायला वेळ लागला, पण वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, ‘म्हणजे पंप बिचारा मरमर मरत होता.’

कॅमचे बुश का सुटतात, याला कारण आहे. दुकानातून बेरिंगचा सेट आणला की त्यात मेन आणि बिग एंड येतात. कॅमचे बुश वेगळे मागावे लागतात. मेन आणि बिग एंड गाडीखालून बदलता येतात. कॅमचे बुश बदलायचे तर इंजिन बाहेर काढायचं, टायमिंग कव्हर, चेन, टॅपेट सगळं उतरवायचं आणि कॅम बाहेर ओढायचा. मजुरी वाढते, गाडी अडकून पडते, गिऱ्हाईक रोज फोन करतं. मग मिस्त्री म्हणतो, कॅमला कुठं एवढा लोड असतो, ते चालतंय. लोड कमी असतो हे खरं. पण तेल लोड बघून जात नाही, फट बघून जातं.

इंजिन चेनपुलीने उचललं आणि ब्लॉक उद्यमनगरात माझ्या नेहमीच्या मशीनशॉपला नेला. या इंजिनाचे तिन्ही बुश एका मापाचे नसतात. पुढचा सगळ्यात मोठा, मधला त्याहून लहान, मागचा सगळ्यात लहान. म्हणजे कॅम पुढून सरकवताना अडत नाही. बुश दाबून बसवताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकावर तंतोतंत यावं लागतं. सुताभराने हुकलं तर खालचा दाब झकास येतो आणि वर रॉकर मात्र कोरडे पडतात. मीटर बघणाऱ्याला वाटतं काम फत्ते झालं. म्हणून बुश बसल्यावर प्रत्येक भोकातून तार घालून बघायची. मग तिन्ही बुश एका रेषेत रीम करून घेतले, रॉकर शाफ्ट आणि रॉकरचे बुश नवे घातले, रिलीफ व्हॉल्व्हचे जादा वॉशर काढून टाकले. पंप त्यांचाच ठेवला.

परत तोच पन्हाळ्याचा चढ. परत आल्यावर न्यूट्रलला एक किलो, रस्त्यावर 3.2.

काटा वर आणायचे सोपे उपाय बाजारात भरपूर आहेत. जाड ऑइल घाला, बाटलीतलं काहीतरी चिकट ओता, स्प्रिंगखाली वॉशर टाका. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे उपाय रोज चालतात, कारण तिथे काटा फक्त गाडी विकली जाईपर्यंत वर राहायला हवा असतो. जाड ऑइलने दाब दिसतो हे खोटं नाही, झिजलेल्या इंजिनाला थोडा जाड ग्रेड देऊन एखादा मोसम काढण्यातही गैर नाही. पण गाडीवाल्याला ते सांगून करावं. कारण जाड तेल थंडीत वर पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची बरीच झीज चालू करतानाच्या त्या पहिल्या क्षणांत होते. बेरिंगला दाब लागतो तसं वाहतं तेलही लागतं. तेच त्याची उष्णता घेऊन जातं. चिकट तेलाने काटा वर दिसतो आणि बेरिंग तापत राहतं.

पंप किंवा त्याच्या मागची बाजू खरोखर दोषी निघते तेव्हा लक्षणं वेगळी असतात. वडापच्या एका जीपचं सांगतो. प्यूजोचं डिझेल इंजिन, दिवसभर घाटात फेऱ्या. ड्रायव्हर म्हणायचा, सकाळी दाब चांगला, तासाभराने दिवा पेटतो, गाडी बंद करून चहा प्यायला थांबलं की परत चांगला. शेवटी वैतागून त्याने दिव्याची वायरच काढून ठेवली होती. आपल्याकडे हा उपाय किती गाड्यांवर झालाय ते विचारू नका. थांबल्यावर दाब परत येतो, हीच खूण. फटी काही थांबल्यावर बुजत नाहीत. चेंबर उतरवलं तर पंपाच्या जाळीला सिलिकॉनचे पापुद्रे चिकटलेले. कोणीतरी गॅसकेट लावताना हात सैल सोडून सिलिकॉन लावलं होतं. गाडी चालली की ते जाळीवर ओढले जायचे, बंद केली की सुटून खाली पडायचे. जाळी धुतली, चेंबर पुसलं, वायर परत जोडली. एकही पार्ट बदलला नाही.

आणि नेमकं इथेच आमच्या धंद्याचं घोडं अडतं. पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देता येतो, पावती देता येते, पैसे मागायला तोंड असतं. शोधण्याचे पैसे कोण देतो? गाडीखाली पडून थेंब मोजले, याची पावती कुठल्या दुकानातून आणायची? म्हणून मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलत जातो. एक बदलला, नाही जमलं, दुसरा बदलला. गिऱ्हाईक प्रत्येक पार्टचे पैसे देतं आणि तपासणीला मात्र ‘नुसतं बघायचे काय पैसे?’ म्हणतं. दोष दोघांचाही आहे, आणि त्या भांडणात चांगले पंप भंगारात जातात.

सरांच्या बिलात मी तपासणीची ओळ वेगळी लिहिली होती. ती रक्कम बुशांच्या आणि रॉकर शाफ्टच्या किमतीपेक्षा जास्त होती. सरांनी चष्मा लावून बिल वाचलं. मी वाद घालायच्या तयारीत उभा.

‘हे आकडे कसले?’ त्यांनी बिलाची मागची बाजू दाखवली. तिथे मी आधीचे आणि नंतरचे दाब लिहिले होते. थंड किती, गरम किती, किती फेऱ्यांवर किती, आणि प्रत्येक आकड्यावरून काय वगळलं.

‘रीत आहे सर. उत्तर कसं आलं ते.’

‘मग बरोबर आहे. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत,’ ते म्हणाले आणि पैसे मोजले. घासाघीस केली ती मजुरीवर, तपासणीवर नाही.

तेव्हापासून दाबाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीच्या बिलामागे मी हे आकडे लिहून देतो. काही जण वाचत नाहीत, काही जण हसतात. पण गाडी पुढे कुठल्याही गॅरेजात गेली तरी तिथल्या मिस्त्रीला कळावं की हे इंजिन निरोगी असताना किती दाब देत होतं आणि कुठली वाट तपासून झालीय. त्याला निदान पंपापासून सुरुवात करावी लागणार नाही.